हातचा कुठून येतो?

मुलांच्या गणितावरच्या एका लेखात रोज पाढे म्हणून घ्यायला सांगितलंय, ते ठीकच आहे. पण आमच्या घरी गाडी अडली होती ती वजाबाकीत. मुलगी दुसरीत होती. ५२ मधून २७ वजा करून तिने ३५ लिहिलं. मी दोनदा "चूक" म्हणून खोडलं, तिसऱ्यांदा विचारलं, "कसं केलंस?" ती म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले." तिच्या परीने तोडगा चोखच!

मग आगकाड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधले. पाच गठ्ठे, दोन सुट्या. सात द्यायच्या तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. सुट्या झाल्या बारा, गठ्ठे उरले चार. त्यातून सात सुट्या आणि दोन गठ्ठे दिले, आणि पंचवीस उत्तर तिनेच मोजून काढलं. हातचा म्हणजे सोडलेला गठ्ठा, हे मलाही त्या दिवशीच नीट उमगलं. (लहानपणी मी नुसता "उसना" घ्यायचो, कोणाकडून ते विचारायची सोय नव्हती.)

आणखी एक. आपण "बावन्न" म्हणताना दोन आधी उच्चारतो आणि लिहिताना पाच आधी. त्यामुळे मूल बावन्नऐवजी २५ लिहितं तेव्हा ते निष्काळजीच असतं असं नाही. काड्या समोर असल्या की हा घोळही कमी होतो.

गठ्ठे घाईने काढून घेऊ नका मात्र. आम्ही आठवड्यात काढले आणि पुन्हा ३५ वर आलो.