प्रतिक्रियेला उत्तर: ते स्वतःला रोमन म्हणायचे, मग आपण का नाही?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा लागलं, पण दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुम्ही लेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचलाय आणि चिडून का होईना पण मनापासून वाचलाय, म्हणून कमेंटखाली चार ओळीत उरकण्यापेक्षा नीट बसून लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. गेल्या लेखात मी कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलहून चाललेल्या पूर्वेकडच्या साम्राज्याच्या लोकांना सारखं "रोमन" म्हटलं, ते तुम्हाला पटलं नाही. तुमचं म्हणणं, रोम ४७६ मध्येच संपलं, हे सगळे ग्रीक बोलणारे बायझंटाईन. दुसरं म्हणजे हजार-अकराशे वर्षांत यांनी नवीन काहीच केलं नाही, नुसती राजवाड्यातली कारस्थानं, डोळे काढणं आणि धर्मावरचे वाद, इतके की तुर्क वेशीशी आले तरी यांची "देवदूत बाई की पुरुष" यावर चर्चा चालू. तिसरं, सम्राट दुसऱ्या बेसिलने १५ हजार कैद्यांचे डोळे काढले हे मी पुराव्याशिवाय लिहून टाकलं. आणि शेवटी, मराठी वाचकाला या सगळ्याचं काय करायचंय.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते कारण तिथे तुमचं बरोबर आहे. १०१४ च्या क्लेइडिऑनच्या लढाईनंतर बल्गेरियन कैद्यांचे डोळे काढले आणि दर शंभरातल्या एकाला एक डोळा ठेवला म्हणजे तो बाकीच्यांना घरी घेऊन जाईल, ही गोष्ट जॉन स्कायलित्झेसच्या बखरीत आहे आणि ती बखर त्या शतकाच्या शेवटाकडे लिहिलेली, म्हणजे घटनेनंतर दोन पिढ्यांनी. शिवाय बल्गेरिया त्यानंतरही चार वर्षं लढत राहिला, १०१८ पर्यंत, एवढं सैन्य एका दिवसात आंधळं झालं असतं तर ते जमलं नसतं. मी तो आकडा सरळ खरा म्हणून दिला ही माझी चूक, मूळ लेखात दुरुस्ती केलीये.

आता नावाचं. यावर मात्र मी ठाम आहे.

४७६ मध्ये काय झालं तर ओडोएसर नावाच्या सेनापतीने इटलीतल्या रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा सम्राटाला घरी बसवलं, आणि मग सम्राटपदाची राजचिन्हं कुठे पाठवली? कॉन्स्टँटिनोपलला, सम्राट झेनोकडे. कारण सम्राट तिथे होताच, राजधानी तिथे ३३० पासून होती. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना रोमन नागरिक केलं होतं, म्हणजे ४७६ उजाडलं तेव्हा ग्रीस-आशिया मायनरमधल्या घरांमध्ये आठ-दहा पिढ्या रोमन म्हणून जन्मून गेल्या होत्या. ग्रीक बोलायचे हे खरं, पण पूर्वेकडे ऑगस्टसच्या काळातही ग्रीकच बोलायचे की. रोमन असणं ही भाषा नव्हती, कायदा, राज्य आणि पुढे धर्म मिळून ती ओळख झाली होती. ते आपल्या देशाला "रोमानिया" म्हणायचे आणि स्वतःला "रोमायॉई". "बायझंटाईन" हे नाव त्या अर्थाने रुजायला सुरुवात झाली ती १५५७ मध्ये, हिरोनिमस वोल्फ या जर्मन विद्वानाने त्यांच्या इतिहासांचा संग्रह छापला तेव्हा, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडून शंभर वर्षं उलटल्यावर. ते नाव ऐकायला त्यातलं कुणी जिवंतच नव्हतं.

तुम्ही म्हणाल नावात काय एवढं. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. ९६८ मध्ये जर्मन सम्राट ओटोने क्रेमोनाचा बिशप ल्युटप्रांड याला मुलासाठी राजकन्या मागायला कॉन्स्टँटिनोपलला पाठवलं, बोलणी रखडत चालली होती आणि तेवढ्यात पोपचं पत्र घेऊन दूत आले, पत्रात ओटोला "रोमनांचा सम्राट" आणि इथल्या निकेफोरस फोकासला "ग्रीकांचा सम्राट" म्हटलेलं. दूतांना सरळ कैदेत टाकलं. शिवीच दिली होती ती, आणि मुद्दाम दिली होती, कारण हे ग्रीक ठरले की रोमचा वारसा आपोआप पश्चिमेकडे जातो. तेव्हा "ते तर ग्रीक होते" हे वाक्य आपण सहज म्हणतो पण ते एका जुन्या भांडणातल्या एका बाजूचं वाक्य आहे.

आणि हाच ल्युटप्रांड तुमच्या दुसऱ्या मुद्द्याच्याही मुळाशी आहे बरं का. ९४९ मध्ये तो पहिल्यांदा गेला होता तेव्हा भारावून गेला होता, सोन्याचा मुलामा दिलेलं झाड, त्याच्यावर गाणारे धातूचे पक्षी, गर्जना करणारे सिंह, आणि नमस्कार करून मान वर केली तर सिंहासनासकट सम्राट छताला पोचलेला. एकोणीस वर्षांनी गेला तेव्हा अपमान झाला, राजकन्या मिळाली नाही, आणि परत निघताना त्याच्याकडचं जांभळं रेशीमही काढून घेतलं कारण ते देशाबाहेर न्यायला बंदी होती. मग त्याने जे लिहिलं त्यात वाईन डांबरासारखी, घर गळकं, सम्राट बुटका आणि कुरूप, माणसं लबाड. कारस्थानी बायझंटाईन हे चित्र रंगवणाऱ्या हातांत हा एक मोठा हात. चिडलेल्या पाहुण्याच्या पत्रावरून आपण कुणाच्या घराची पारख करू का?

डोळे काढायचे, हो काढायचे. ते मी झाकणार नाही. ७९७ मध्ये सम्राज्ञी आयरीनच्या माणसांनी तिच्या पोटच्या पोराचे, सहाव्या कॉन्स्टंटाईनचे डोळे काढले, आणि तेही राजवाड्याच्या ज्या जांभळ्या दालनात तिने त्याला जन्म दिला होता तिथेच, हे वाचल्यावर मला त्या रात्री दुसरं काही वाचवलं नाही. पण यामागे एक विचार होता तो समजून घ्यायला हवा. सम्राट शरीराने अव्यंग हवा अशी समजूत होती, म्हणून दावेदाराला मारून टाकण्याऐवजी त्याच्यात व्यंग आणायचं आणि मठात धाडायचं, आठव्या शतकातल्या कायद्याच्या संहितेत तर बऱ्याच गुन्ह्यांना मृत्युदंडाऐवजी अवयव तोडायची शिक्षा घातली ती दया म्हणून. आपल्याला ही दया वाटत नाही, मलाही नाही वाटत. पण त्याच काळात बाकीचे राजे दावेदारांचं काय करत होते ते बघा आणि मग यांनाच वेगळं काढा.

नवीन काही केलं नाही म्हणता. विजापूरचा गोल घुमट तुम्ही पाहिला असेल, तिथे उभं राहिल्यावर एक प्रश्न पडतोच की खाली चौकोनी खोली आणि वर गोल घुमट, हे जुळवलं कसं. विजापूरकरांनी एकमेकांना छेदणाऱ्या कमानी वापरल्या. त्याच्या अकराशे वर्षं आधी कॉन्स्टँटिनोपलला अँथेमियस आणि इसिडोर या दोघांनी, दोघंही गणिती, चार कोपऱ्यांत चार वक्र त्रिकोण उभे केले आणि साधारण ३१ मीटरचा घुमट त्यांच्यावर ठेवला. लहान प्रमाणावर हे आधी करून पाहिलेलं होतं, एवढं मोठं कुणी केलं नव्हतं. हेच हागिया सोफिया, तेव्हाचं तिथलं मोठं चर्च, ५३२ ला सुरू आणि ५३७ ला तयार, सहा वर्षंही नाहीत. ५५८ मध्ये घुमट पडला, मग इसिडोरच्या पुतण्याने तो जास्त उंच केला म्हणजे भार खाली उतरेल, आणि त्यानंतर मोठे तुकडे पडले, परत बांधले, पण वास्तू आजही उभी आहे. मी तिथे गेले होते तेव्हा वरच्या सज्जात एका संगमरवरी कठड्यावर कुणीतरी नॉर्स लिपीत खरडलेलं नाव बघितलं, हाल्फदान. सम्राटाच्या पदरी असलेल्या वॅरेंजियन पहाऱ्यातला कुणी उत्तरेकडचा शिपाई असावा, प्रार्थना लांबली म्हणून कंटाळला असेल. मी बराच वेळ तिथून हलले नाही.

पण मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम घुमटाचं नाही, वह्यांचं आहे. जुनं ग्रीक पुस्तकी लिखाण सगळं मोठ्या सुट्ट्या अक्षरांत असायचं, नवव्या शतकात जोडून भरभर लिहायची बारीक लिपी रूढ झाली, आपल्याकडे बाळबोध आणि मोडी असं जे होतं ना, हातासाठी साधारण तसाच फरक. मग झालं काय की जी जुनी पोथी नव्या लिपीत उतरवली ती जगली, जी उतरवली नाही ती बहुतेक गेलीच. म्हणजे कुणीतरी बसून ठरवलं की हे ठेवायचं, आणि पैसे मोजले. अरेथास नावाच्या माणसाने ८८८ मध्ये युक्लिडची प्रत करवून घेतली, १४ सोन्याची नाणी दिली. ८९५ मध्ये प्लेटोची, २१ नाणी, त्यातली १३ लिहिणाऱ्याला आणि ८ चामड्याच्या पानांना. हे हिशेब त्या प्रतींमध्येच लिहिलेले आहेत आणि दोन्ही प्रती आज ऑक्सफर्डला आहेत. तो पुढे आर्चबिशप झाला आणि प्लेटो ख्रिस्ती नव्हता हे त्याला चांगलं माहीत होतं, तरी समासात स्वतःच्या हाताने टिपा लिहीत बसला. यांनी नुसत्या नकला केल्या असं तुम्ही लिहिलंय. नकला केल्या म्हणून होमर आहे, सोफोक्लिस आहे, थुसिडिडीस आहे. मला हे काम छोटं म्हणवत नाही.

आणि कॉन्स्टँटिनोपलच्या पँटोक्रेटर मठाचं हॉस्पिटल, ११३६ च्या त्याच्या नियमावलीत ५० खाटा, जखमा आणि मोडलेल्या हाडांचा वेगळा वॉर्ड, बायकांचा वेगळा १२ खाटांचा, तिथे एक बाई डॉक्टर नेमलेली. पगार तिला पुरुषांपेक्षा कमी. तरी बाराव्या शतकात एका बाईचं डॉक्टर म्हणून पद कागदावर लिहिलेलं आहे हे वाचून मला खूप आनंद झाला होता.

मग एवढं सगळं गेलं कुठे, तर बरंचसं १२०४ मध्ये गेलं. तुर्कांनी नाही, पश्चिमेकडून आलेल्या चौथ्या क्रुसेडच्या, म्हणजे धर्मयुद्धाच्या, ख्रिस्ती सैन्याने. तीन दिवस लूट चालली. ब्राँझचे पुतळे वितळवून नाणी पाडली, चार घोडे व्हेनिसला नेले ते सेंट मार्कमध्ये अजून आहेत. निकेटास कोनिआटिस हा बडा अधिकारी त्यातून वाचला आणि त्याने लिहून ठेवलं, की एका ओळखीच्या व्हेनिशियन व्यापाऱ्याने शिपायाचे कपडे चढवले आणि हे घर मी आधीच जिंकलंय असं सांगत दारात उभा राहिला, आणि मग निकेटास गरोदर बायको आणि पोरांना घेऊन चालत शहराबाहेर पडला, वाटेत एका शिपायाने दुसऱ्या कुणाची मुलगी ओढून नेली तर हा मागे फिरला, इतर शिपायांना हातापाया पडून गोळा केलं आणि तिला सोडवून आणलं. तुम्ही ज्यांना कारस्थानी म्हणता त्यांच्यातलाच हा.

देवदूतांची गोष्ट १४५३ च्या कुठल्याही साक्षीदाराने लिहिलेली नाही, नंतर जोडलेली आहे. तुर्कांच्या वेढ्याच्या त्या ५३ दिवसांत काय चाललं होतं ते रोजनिशीत आहे, निकोलो बार्बारो या व्हेनिशियन वैद्याच्या. दिवसा तोफा भिंत पाडायच्या आणि रात्री लोक, त्यात बायका आणि पोरंही, माती भरलेली पिंपं आणि लाकडं रचून खिंडारं बुजवायचे. सम्राटाने लढू शकणाऱ्यांची गुपचूप मोजणी करायला सांगितली, त्याच्या विश्वासातल्या स्फ्रांट्झेसने मोजली, शहरातली माणसं निघाली ४,७७३. सम्राटाने आकडा बाहेर सांगू नको म्हटलं. वाद होता, पण तो पोपच्या चर्चशी एकी करायची की नाही यावर, आणि १२०४ आठवत असलेल्या शहरात तो वाद फालतू नव्हता.

शहर पडलं २९ मे १४५३ ला. नाव पडलं नाही. १९१२ मध्ये ग्रीक आरमाराने लेम्नॉस बेट घेतलं, तेव्हा तिथली पोरं शिपायांना बघायला धावली. काय बघताय रे? हेलेनिस, म्हणजे ग्रीक, कसे दिसतात ते बघतोय. मग तुम्ही हेलेनिस नाही का? नाही, आम्ही रोमन. त्या गर्दीत असलेला एक मुलगा, पीटर कॅरानिस, पुढे याच इतिहासाचा प्राध्यापक झाला आणि ही आठवण तोच सांगायचा. आता त्या पोरांना मी सांगू का की बाबांनो, तुम्ही रोमन नव्हे?

मराठी वाचकाचं म्हणाल तर ओढूनताणून नातं जोडायचं नाही हे मलाही मान्य. पण सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने, म्हणजे याच साम्राज्याच्या प्रजेने, लिहिलंय की "कॅलियाना" बंदरातून तांबं, शिसवासारखं लाकूड आणि कापड जातं आणि तिथे इराणहून नेमलेला एक बिशप असतो. बहुतेक अभ्यासक हे आपलं कल्याण मानतात. तोच सांगतो की सोपात्रोस नावाच्या व्यापाऱ्याने सिंहलच्या राजापुढे आपल्या सम्राटाचं सोन्याचं नाणं आणि इराणचं चांदीचं नाणं शेजारी ठेवलं आणि म्हणाला, मोठा राजा कुठला ते तुम्हीच ठरवा. ते साडेचार ग्रॅमचं नाणं, कॉन्स्टंटाईनपासून अकराव्या शतकापर्यंत जवळपास तसंच राहिलं, सातशे वर्षं. दक्षिण भारतात ती सापडतातही.

आणि विजापूरला गोल घुमट बघायला जाल तेव्हा मुलुखमैदान तोफही बघालच. ती ओतलीये अहमदनगरला, १५४९ मध्ये, निजामशाहीत. ओतणारा तुर्की होता, रोमनांच्या जुन्या मुलखाला तुर्क "रूम" म्हणायचे आणि तिथून आलेला तो रूमी. तोफेवरचा लेख विचारून घ्या कुणालातरी वाचायला, नाव आहे मुहम्मद बिन हसन रूमी.