अकरा एंड जिंकूनही हरलो, घ्या!

लॉन बोल्सची अठरा एंडांची, म्हणजे अठरा फेऱ्यांची, फोर्सची (चार-चार जणांच्या संघांची) मॅच. त्यातले ११ एंड आम्ही जिंकले, ७ त्यांनी. मॅच कोणाची? त्यांची. १५-१४.

लॉन बोल्समध्ये एंड नाही, शॉट, म्हणजे गुण, मोजतात, हे मला माहीत आहे. समजावायला कोणी येऊ नका. समोरच्याच्या सगळ्यात जवळच्या बोलपेक्षा (बोल म्हणजे घरंगळत सोडायचा मोठा चेंडू) तुमचे जितके बोल जॅकच्या, म्हणजे लक्ष्याच्या छोट्या चेंडूच्या, जवळ, तितके शॉट. मान्य. पण आम्ही एक-एक, दोन-दोन करत घाम गाळून जमवायचे आणि त्यांनी एकाच एंडला पाच उचलून न्यायचे! तेही कसे, तर भरकटलेला बोल आमच्याच एका बोलवर आपटला, वळला आणि जॅकला चिकटलेला आमचा बोल ढकलून बसला.

खेळ कोण चांगला खेळत होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ग्रीन, म्हणजे खेळायचं मैदान, फास्ट होतं. म्हणजे बोल थांबायला जास्त वेळ घेतो, बायस, म्हणजे बोलचा मुद्दाम ठेवलेला एकांगी आकार, त्याला जास्त वळवतो, त्यामुळे तो चांगला रुंद सोडावा लागतो. आमच्या लीडने, म्हणजे संघात सगळ्यात आधी बोल टाकणाऱ्याने, हे सुरुवातीलाच ओळखलं. त्यांचा लीड शेवटपर्यंत अरुंद टाकत राहिला, त्याचे बोल जॅकसमोरून आडवे निघून जायचे. त्याच्या गळ्यातही विजेत्याचं पदक. असो.

शेवटचा एंड. आम्ही १४-१२ पुढे. सतरावा आम्ही जिंकला होता, म्हणून जॅक आम्ही टाकायचा, पहिला बोल आमचा, आणि शेवटचा बोल त्यांच्या स्किपच्या, म्हणजे कर्णधाराच्या, हातात! जिंकल्याची ही शिक्षा. तरी आमचे दोन बोल जॅकजवळ मांडून ठेवलेले, एक तर टचर, म्हणजे जॅकला शिवलेला, खडूची खूण केलेला. त्यांचे तीन बोल जोर जास्त झाल्याने मागे डिचच्या, म्हणजे ग्रीनच्या टोकाच्या चराच्या, कडेला जाऊन पडलेले. वाया गेलेले, शुद्ध वाया.

मग त्यांच्या स्किपने ड्राइव्ह, म्हणजे पूर्ण जोराचा बोल, मारला. डोळे मिटून मारावा तसा. लाइन पूर्ण चुकलेली, मी स्वतः पाहिलं. बाजूला पडलेल्या आमच्या आखूड बोलवर तो धडकला, तिथून उडून जॅकवर, आणि जॅक घरंगळत कुठे गेला? थेट त्या तीन वाया गेलेल्या बोलांच्या मधोमध. एक नाही, दोन नाही, तीन शॉट! दोन मिळाले असते तर निदान बरोबरी झाली असती. टेप काढायचीही गरज पडली नाही. निदान मापात हरलो असतो तर मिलिमीटरला शिव्या घालता आल्या असत्या.

आणि वर ते हात उंचावून ‘सॉरी’ म्हणणं! नशिबाने शॉट मिळाला की सॉरी म्हणायची पद्धत आहे म्हणे. दात काढत सॉरी म्हणतात का कोणी? त्यानंतर हस्तांदोलनाची रांग. प्रत्येक जण तेच, ‘खरं तर तुम्हीच चांगलं खेळलात.’ अरे, मग द्या ना पदक! खांद्यावर थोपटून काय करू मी?

‘खेळ आहे, चालायचंच’ म्हणणाऱ्यांनी आज माझ्यासमोर येऊ नये. दुपारभर वाकून वाकून कंबर धरली आहे आणि तिकडे तो स्किप सगळ्यांना सांगत फिरतोय की तो ड्राइव्ह त्याने ठरवून मारला होता.