‘मुलांसमोर हा विषय नकोच’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

शाळेतल्या अत्याचाराची बातमी आली की दोन-चार तासांत पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं तेव्हा आला, पुण्यातल्या वानवडीच्या स्कूल व्हॅनची बातमी आली तेव्हाही आला. खाली ‘एक नामवंत बालमानसोपचारतज्ज्ञ’ अशी सही असते, नाव नसतं. मजकूर थोडक्यात असा: लहान मुलांसमोर या बातम्यांचा विषय काढू नका, कोवळी मनं घाबरतात. अनोळखी माणसांपासून लांब राहायला शिकवा, तेवढं पुरे. शाळेत सीसीटीव्ही आहेत ना, बघून घ्या. मुलगा असेल तर फार चिंता नको. काही वावगं घडलंच तर मूल आईला सांगतंच. आणि शेवटी, उगाच गाजावाजा करू नका, त्यात मुलाचंच नाव खराब होतं.

मेसेज पुढे ढकलणारी माणसं मुलांवर जीव टाकणारीच आहेत. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य मुलाला एकटं पाडणारं आहे.

पहिलं वाक्य घ्या. विषय काढला नाही तर मुलाला कळणार नाही, हे गृहीतकच चुकीचं. २७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत भर सकाळी एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला, रस्त्यावरच्या तरुणांनी तिला वाचवलं. त्याचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत अख्ख्या पुण्याच्या फोनवर होता. आईबाबांचा फोन गेमसाठी मागून घेणाऱ्या मुलांनी तो पाहिला नसेल असं मानायचं असेल तर मानावं. सातवी-आठवीतल्या पोरांना कोयत्याच्या रील्स पाठ असतात, आणि व्हॅनमध्ये त्यांच्याच शेजारी तिसरीतलं मूल बसलेलं असतं. बातमी त्याच्यापर्यंत पोहोचतेच, तीही तिखटमीठ लावून. पोहोचत नाही ते घरातल्या मोठ्या माणसाचं शांत आवाजातलं म्हणणं.

यात एक गोष्ट मेसेजची बरोबर आहे, ती मान्य करू. जेवताना वृत्तवाहिनीवर तेच फुटेज वीस वेळा चालू ठेवणं लहान मुलांसाठी वाईटच. टीव्ही बंद करा. पण तोंड बंद करू नका. पाच वर्षांच्या मुलाला तपशील लागत नाहीत. ‘एका शाळेत एका माणसाने मुलींना त्रास दिला. चूक त्या माणसाची होती. तुला कोणी त्रास दिला तर मला सांग, मी रागावणार नाही.’ एवढं बोलून त्याला खेळायला सोडावं. दहा वर्षांचं मूल जास्त विचारेल. अमेरिकेतल्या शाळांमधल्या गोळीबाराचे व्हिडिओ पाहून ‘आपल्या शाळेत असं होईल का?’ असंही विचारेल. ‘आपल्याकडे असं फार क्वचित घडतं, कारण इथे बंदूक सहज मिळत नाही,’ हे उत्तर खरंही आहे आणि धीर देणारंही. ‘असलं काही बघत जाऊ नकोस’ हे उत्तरच नव्हे.

आता अनोळखी माणसाचा बागुलबुवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल पाहिले तर पॉक्सोखालच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या) बलात्काराच्या गुन्ह्यांत ९५ टक्क्यांहून अधिक प्रकरणांमध्ये आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. घरातला, शेजारचा, शिकवणारा, ने-आण करणारा. ऑक्टोबर २०२४ मध्ये वानवडी पोलिसांनी स्कूल व्हॅनच्या एका चालकाला अटक केली. सहा-सहा वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार केल्याचा त्याच्यावर आरोप आहे, आणि त्या मुली त्याच्याच व्हॅनने शाळेत जात होत्या. त्यांच्या लेखी तो अनोळखी कसा असेल? आपल्या मुलांच्या जगात व्हॅनवाले काका असतात, शाळेतल्या मावशी असतात, क्लासचे दादा असतात. ‘अनोळखी’ म्हटल्यावर मुलाच्या डोळ्यांसमोर पोतं घेतलेला, दाढीवाला कोणीतरी येतो, आणि ज्याच्याबद्दल प्रश्न पडायला हवा तो त्या चित्रात बसतच नाही.

या बागुलबुवाची दुसरी किंमतही आपण मोजली आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना ठार मारलं. अफवा फोनवरूनच फिरली होती.

माणसांच्या यादीऐवजी मुलांना वागण्याचा नियम द्यावा. चड्डी-बनियनच्या आतल्या भागाला कोणी हात लावला, स्वतःच्या तशा भागाला हात लावायला सांगितलं, तसे फोटो दाखवले किंवा काढले, आणि ‘हे आपलं गुपित’ म्हटलं, तर ते गुपित ठेवायचं नाही. मग समोर काका असो, सर असोत, मोठा भाऊ असो की मावशी. ‘गुड टच, बॅड टच’ शाळा वर्षातून एकदा शिकवते, चांगलंच आहे. पण असा प्रत्येक स्पर्श मुलाला वाईट वाटतोच असं नाही. कधी गुदगुल्या असतात, कधी चॉकलेट असतं. गुपिताची अट मात्र सहसा असतेच, आणि ती चार वर्षांच्या मुलालाही ओळखता येते.

सीसीटीव्हीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. स्वच्छतागृहात कॅमेरा लावता येत नाही, आणि बदलापूरमधली घटना स्वच्छतागृहातली होती. बाकी फुटेज हवं तेव्हा मिळतंच असंही नाही: तिथलं पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग गायब असल्याचं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं होतं. पालकसभेत कॅमेरे मोजण्यापेक्षा हे विचारा: लहान वर्गांना स्वच्छतागृहात कोण नेतं? मुलांच्या सुरक्षिततेसाठी २०२२ पासून अपेक्षित असलेली सखी सावित्री समिती शाळेत आहे का, असली तर सदस्य कोण? स्कूलबसच्या २०११ च्या नियमांप्रमाणे परिवहन समिती आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली? गाडीत मदतनीस बाई रोज असते की फक्त तपासणीच्या दिवशी? या प्रश्नांवर सभेत जी शांतता पसरते तिच्यातून कॅमेऱ्यांपेक्षा जास्त कळतं.

मुलगा आहे म्हणून चिंता नको, हेही आकड्यांपुढे टिकत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र त्यात होता. लैंगिक अत्याचाराला तोंड दिल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, तो आपणच करतो.

‘मूल सांगतंच’ या वाक्याने मात्र सगळ्यात जास्त नुकसान होतं. मूल आधी चाचपून बघतं. किरकोळ गोष्ट सांगून आपला चेहरा वाचतं. ‘आज सरांनी मारलं’ म्हटल्यावर आपण पहिलं काय विचारतो? ‘तू काय केलं होतंस?’ त्याच अभ्यासात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्क्यांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. दोन वर्षांनी आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. तरी ‘आम्हीही खाल्लाय मार, काही बिघडलं नाही’ हे आजोबांपासून बाबांपर्यंत सगळे कौतुकाने सांगतात. मुलाला त्यातून एवढंच कळतं की मोठ्या माणसाने हात उचलला तर चूक आपली. मग त्याहून मोठी गोष्ट ते कशाला सांगेल?

सांगतं तेव्हाही सरळ सांगत नाही. ‘मला व्हॅनने नाही जायचं.’ ‘क्लास बदलू या ना.’ शाळेच्या दिवशीच पोट दुखतं, सुटलेली अंथरूण ओलं करण्याची सवय परत येते, दिवसभर शाळेत लघवीला न जाता मूल घरी आल्या आल्या धावतं. यातलं काहीही पुरावा नाही. कारण गणिताचा पेपर असू शकतो, अस्वच्छ संडास असू शकतो, वर्गात चिडवणारं टोळकं असू शकतं. पण ‘नाटकं नकोत, चल’ म्हणून पाठवण्याआधी दहा मिनिटं द्यावीत.

बोलायची वेळही समोरासमोर बसवून आणू नये. चौकशी चालली आहे असं वाटलं की मूल गप्प होतं. दुचाकीवर मागे बसलेलं असताना, मटार सोलताना, डोळ्यांत डोळे नसताना बरंच बाहेर येतं. ‘आज शाळेत कोणाचा राग आला?’ हा प्रश्न ‘आज काय केलं?’पेक्षा कामाचा. आणि खरंच काही निघालं तर रडू, संताप, ‘आधी का नाही सांगितलंस’ हे सगळं गिळून टाकावं. ‘मग?’ एवढंच विचारावं. ‘त्याने इथे हात लावला का?’ असं तोंडात शब्द घालू नयेत, आजी, आत्या, शेजारीण सगळ्यांपुढे पुन्हापुन्हा वदवून घेऊ नये. मुलाचे शब्द जसेच्या तसे तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत.

राहता राहिला गाजावाजा. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, शाळेवरही. ‘आपण आपसात मिटवू’ म्हणणारे मुख्याध्यापक कलम २१ मध्ये अडकू शकतात. बदलापूरच्या शाळेच्या विश्वस्तांवर माहिती दडवल्याबद्दल गुन्हा नोंदला गेला. नाव खराब होण्याची भीती वाटते त्यांनी कलम २३ वाचावं: मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही माध्यमांना छापता येत नाही. जबाब घरी किंवा मुलाला हवा तिथे घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाशिवाय, आईबाबा किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस शेजारी असताना. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर १०९८ हा फोन चोवीस तास चालू असतो. मुलानेही लावला तरी चालतो, म्हणून आजीआजोबांच्या नंबरांसोबत हाही त्याच्याकडून पाठ करून घ्यावा.