शोधपत्रकार व्हा, आज संध्याकाळपर्यंत

अभिनंदन! तुमच्याकडे फोन आहे, पोर्टल आहे, गळ्यात 'प्रेस'चं कार्ड आहे. राहता राहिली शोधपत्रकारिता. तिला फारसं काही शिकावं लागत नाही; उलट शिकलेलं असेल तर आडच येतं.

सुरुवात व्हिडिओपासून करू. कोल्हापुरात पावसाने जोर धरला की ग्रुपवर पूल वाहून जातानाचा व्हिडिओ येतोच. आला की लाल अक्षरांत 'पंचगंगेचं रौद्ररूप' लिहून चढवा. मागच्या दुकानाची पाटी मल्याळममध्ये आहे, कडेच्या रिक्षाची नंबरप्लेट 'केएल'ने सुरू होते, असल्या किरकोळ गोष्टींत डोळे खराब करू नका. काही हटवादी मंडळी व्हिडिओ थांबवतात, त्यातलं एक दृश्य गूगल लेन्सवर टाकतात आणि हाच पूल मागेही एकदा वाहून गेल्याचं शोधून काढतात. एकच पूल दोनदा वाहून गेला, ही तर दुप्पट मोठी बातमी!

पुढाऱ्याच्या मालमत्तेचं प्रकरण हाती घ्यायचंय? मग कागदांपासून चार हात लांब राहा. उमेदवाराने नमुना 26 मध्ये दिलेलं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या साइटवर फुकट दिसतं, हे खरं. त्यातला गट नंबर घेऊन महाभूलेख या सरकारी जमीन-नोंदींच्या साइटवर सातबारा काढता येतो, फेरफार पाहून जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते कळतं, मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवलं की वाढ डोळ्यांत भरते. पण यात अख्खी दुपार जाते, शिवाय गट नंबर चुकला की भलत्याच शेतकऱ्याचा ऊस हाती लागतो. त्यापेक्षा 'सूत्रांच्या माहितीनुसार' लिहा. टपरीवर शेजारच्या बाकावर दोघं बोलत होते ना? झाली सूत्रं.

मार्च 2024 मध्ये निवडणूक रोख्यांच्या, म्हणजे पक्षांना देणगी देण्यासाठी घेतलेल्या रोख्यांच्या, याद्या बाहेर आल्या. रोखे घेणाऱ्यांची एक, वटवणाऱ्या पक्षांची दुसरी, आणि दोन्ही जोडणारे क्रमांक आले आठवड्याने. काही बिचारे एक्सेल उघडून रांगेला रांग जुळवत बसले. तेवढ्या वेळात तुमच्या 'धक्कादायक'च्या डझनभर पोस्ट झाल्या असत्या.

माहिती अधिकाराच्या नादी तर मुळीच लागू नका. दहा रुपये फी, 30 दिवसांची वाट, उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो. तुमचं नुसतं शीर्षकच तेवढं असतं.

बातमी खोटी निघाली तर गुपचूप उडवा, खुलासा मागून कोणी येत नाही. एकच काळजी घ्या. काही खोडसाळ लोक तुमचं पान आधीच वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या साइटवर जपून ठेवतात. गाठलंच त्यांनी, तर 'आमची साइट हॅक झाली होती' हे उत्तर तयार ठेवा.

आणि हो, दुसरी बाजू! तिच्याशिवाय बातमी पूर्ण होत नाही म्हणतात. ज्याच्यावर आरोप आहेत त्याला रात्री पावणेबाराला फोन लावा आणि एक रिंग वाजली की कापा. 'संपर्क होऊ शकला नाही' हे वाक्य आधीच टाइप केलेलं असतं; त्याने चुकून उचललाच, तर सगळी बातमी पुन्हा लिहावी लागेल.