हक्कसोडपत्र, वहिनीची पुरणपोळी आणि ‘पुढील भाग कमेंटमध्ये’

ताई,

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण लगेच लिहायला बसलो असतो तर भांडलो असतो. मागच्या लेखात फेसबुक-व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कौटुंबिक रहस्यकथांना मी ‘रडवायचा कारखाना’ म्हटलं, ते तुम्हाला लागलं. तुमच्या सासूबाई त्या रोज वाचतात, बहिणींना फोनवर वाचून दाखवतात. बायकांना आवडलं की ते उथळ ठरवायची आम्हा लिहिणाऱ्यांना खोडच आहे, असं तुम्ही म्हणता. शिवाय कादंबरीकार हरिभाऊ आपटेही आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने लिहायचे, मग तेही कारखानदारच का?

‘कारखाना’ मागे घेतो. हरिभाऊही मान्य. ‘करमणूक’ निघालं 1890 मध्ये, आणि ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूची कहाणी तेव्हाच्या वाचकांनी तुकड्यातुकड्यानेच वाचली. थांबवून ठेवण्याबद्दल माझी तक्रार नाहीच.

तक्रार कशाबद्दल आहे ते एका गोष्टीवरून सांगतो. तुमच्या सासूबाईंकडेही ती आली असणार. वडील जाऊन वर्ष होतं. बहिणीला भावाचा फोन येतो, “रविवारी ये, छोटीशी सही हवीये.” एरवी चहाही न विचारणाऱ्या वहिनीने त्या दिवशी पुरणपोळी केलेली. जेवणं झाल्यावर भाऊ स्टॅम्पपेपर पुढे सरकवतो. बहीण शेवटची ओळ वाचते आणि तिच्या हातातलं पेन गळून पडतं. पुढील भाग कमेंटमध्ये.

अर्धवट राहिलेलं काम डोक्यातून जात नाही, असं ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 मध्ये मांडलं होतं. हल्ली जो तो तेच ऐकवतो. त्याने बोट कमेंटकडे का जातं ते कळेल, पण डोळे का भरतात? ते कळतं पुरणपोळीवरून. ती वाढताना वहिनी तूप जरा जास्तच सोडते, आणि तिथे वाचणारीला स्वतःची वहिनी दिसायला लागते. लेखकाला चेहरा रंगवावाच लागत नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळून. ते वगळणं गेलं 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने. हक्क आला तशी तो सोडल्याच्या सहीची गरजही आली. ‘छोटीशी सही’ हे दोन शब्द माहेरच्या आवाजात ऐकलेल्या किती जणी असतील, तुम्हीच बघा.

आता माझं दुखणं. त्या बाईने ओळ वाचली आहे, तिला सगळं कळलंय, तरी अकरा परिच्छेद ती आपल्याला सांगत नाही. मध्ये बाबांची सायकल येते, आईचं आजारपण येतं. सांगणाऱ्यालाच ठाऊक नाही म्हणून आपल्याला कळत नाही, ते रहस्य. ठाऊक असून दाबून ठेवलं, तर ती अडवणूक. आणि शेवटी निघतं काय, तर हक्क भावानेच सोडलेला असतो, बहिणीच्या नावे! वहिनी पदराने डोळे पुसते. ज्यांचा भाऊ असा निघाला नाही त्याच इथे जास्त रडत असतील, असं मला वाटतं. तुमच्या सासूबाईंना हे कळत नाही असं मी समजत होतो, ते चुकलंच. “असं कुठं होतं का गं?” असं त्या बहिणीला म्हणाल्या, हे तुम्हीच लिहिलंय. त्यांना कळतं, आणि कळूनही त्या वाचतात.

मीही वाचली. गॅसवर कुकर होता, शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळीचा पार गाळ झाला. डोळ्यांत पाणी आलं, तेही भाऊ चांगला निघाला तिथेच. मागच्या लेखातला चिडका सूर बहुधा त्यातूनच आला. आमच्या घरच्या कागदावर बहिणीने नऊ वर्षांपूर्वी सही केली. तो मीच पुढे सरकवला होता, आणि पुरणपोळीही होती.

ही गोष्ट मला तिनेच पाठवली होती. खाली शब्द एकही नाही, नुसते जोडलेले दोन हात. मी अजून उत्तर दिलेलं नाही.