भाजी की पाजी?

चिनी शिकायला निघालेल्या माणसाला चार सुरांची दहशत आधीच घातलेली असते: सूर चुकला की शब्दाचा अर्थच बदलतो. पंजाबीबद्दल मात्र कोणी सावध करत नाही. उलट म्हणतात, 'हिंदी येते ना? मग पंजाबी निम्मी आलीच की!' ही निम्मीच नडते.

कारण पंजाबीलाही सूर आहेत. वरचा, खालचा आणि सपाट. ग्रॅहम बेली नावाच्या साहेबाने ते १९१४ मध्येच नोंदवून ठेवले, पण ती बातमी अजून आपल्यापर्यंत पोचायची आहे. पंजाबी ज्या लिपीत लिहितात त्या गुरुमुखीला सुरांसाठी वेगळी खूणच नाही. घ, झ, ढ, ध, भ ही पाच अक्षरं तिच्यात इमानेइतबारे हजर असतात. पण शब्दाच्या सुरुवातीला आली की बोलणारा त्यांचे क, च, ट, त, प करतो आणि स्वर खाली दाबतो. लिहायचं भंगडा, म्हणायचं पंगडा. आपण वरातीत बेंबीच्या देठापासून जो 'भ' काढतो, त्याची तिकडे कोणाला गरजच नाही!

मराठी माणसाची खरी कोंडी होते ती मोठ्या भावाला हाक मारताना. लिहितात 'भाजी'. लिहिल्याप्रमाणे वाचावं तर भावाची भाजी होते, ऐकल्याप्रमाणे म्हणावं तर तो पाजी ठरतो. दबक्या सुरातला तिसरा मार्ग आहे, पण तो आपल्या घशातून जात नाही. मी नुसतं 'जी, जी' करून वेळ मारून नेतो.

बरं, सूर कानावर पडत नाही असं नाही. पडतो, पण कान त्याला भलत्याच खात्यात टाकतो. आमच्या ऑफिसातले एक पंजाबी गृहस्थ 'घर' म्हणताना आवाज असा काही खाली नेत, की त्यांच्या घरी काहीतरी बिनसलंय अशी माझी खात्री पटली होती. मग ते घोड्याबद्दलही तितक्याच खिन्नपणे बोलले. ढोलाबद्दलही. चहाला ते 'चाह' म्हणतात, तेव्हा मात्र सूर एकदम वर! म्हटलं, चला, चहाने तरी माणूस खुलतो.

शेवटी त्यांनीच माझी शिकवणी घेतली.

"बोलो, घर."

"कर."

"ये तो 'करना' वाला कर हो गया. घर बोलो."

"घर."

"ये हिंदी हो गयी."

त्यांनी हनुवटी छातीला टेकवून पुन्हा म्हणून दाखवलं. मीही टेकवली. हनुवटी अचूक गेली. आवाज जागचा हलला नाही.

आपली अडचण अशी, की सूर आपण दुसऱ्याच कामाला जुंपलेला आहे. आपलं 'वा!' कौतुकाचं की टोमण्याचं, हे सूरच ठरवतो. प्रश्न विचारायचा तर शेवट वर न्यायचा, ही जन्माची खोड. पंजाबीत सपाट 'कोडा' म्हणजे चाबूक, दबका 'कोडा' म्हणजे घोडा आणि वरच्या सुरातला म्हणजे कुष्ठरोगी. घोड्याची चौकशी करायला मी तोंड उघडलं, की सवयीने सूर वर जातो आणि समोरचा गंभीर होतो.

म्हणून हल्ली मी पंजाबीत प्रश्नसुद्धा एकाच पट्टीत विचारतो. मी काही विचारलंय हेच कोणाला कळत नाही. लोक "अच्छा" म्हणतात आणि निघून जातात.