फेरेटनं बिळात ससा मारला, तर शिकारीचा दिवस बुडाला

सध्या ग्रुपाग्रुपांवर एक रील फिरतेय. एक इंग्रज शेतकरी लाकडी पेटीतून लांबुडकं, पिवळसर जनावर काढतो, बांधावरच्या बिळात सोडतो आणि पुढच्याच क्षणी ससा जाळ्यात गडबडा लोळताना दिसतो. रील खरी आहे. घोळ आहे तो खालच्या मराठी मजकुरात. तो थोडक्यात असा: ‘इंग्लंडमधले शेतकरी मुंगूस पाळतात. त्याला दोन दिवस उपाशी ठेवतात. मग तो बिळात शिरून ससे मारतो आणि एकेक ओढत मालकाच्या पायाशी आणून टाकतो. हा तिथल्या राजेरजवाड्यांचा खेळ, आता सरकारनं बंद केलाय. ऑस्ट्रेलियानं हेच केलं असतं तर सशांनी तो देश खाल्ला नसता. आपल्याकडे तर मुंगसं फुकट आहेत, आपण का करत नाही?’

शेवटच्या प्रश्नामुळे हे लिहायला बसलो, कारण खाली ‘करून बघायला पाहिजे’ म्हणणारेही भेटले.

‘मुंगूस पाळतात’

नाही. ते जनावर म्हणजे फेरेट. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसानं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी माणसाळवलेलं. पाणमांजर त्याच्या कुळातलं. मुंगूस मात्र मांजर-तरसांच्या बाजूचा. अंगकाठी सारखी दिसते, इतकंच. पुढे जाऊ.

‘बिळात ससे मारतो आणि ओढून आणतो’

सगळ्या मजकुराचा पाया हाच आणि तोच उलटा आहे. फेरेटचं काम ससा मारणं नाही, त्याला घाबरवून बाहेर काढणं आहे. मारतो माणूस, तोही बाहेर, हातानं मान मोडून. फेरेटनं आतच ससा मारला तर तो तिथेच बसून खातो, पोट भरलं की त्या उबेला झोपतो आणि तुम्ही वर थंडीत ताटकळत बसता. फेरेट पाळणाऱ्याला याच गोष्टीची सगळ्यात जास्त धास्ती असते. शिवाय मादी फेरेट जेमतेम किलोभराची आणि वाढलेला ससा दीड-दोन किलोचा. वळणावळणाच्या अरुंद बिळातून ते धूड ती ओढत आणणार कशी?

रीलमध्ये एका सेकंदात उरकलेलं जाळं नीट पाहा. ते बटव्यासारखं असतं. सुमारे मीटरभर लांबीची जाळी, तिच्या कडेनं ओवलेली दोरी, दोन टोकांना दोन कड्या आणि दोरीला बांधलेली हेझलच्या लाकडाची खुंटी. पूर्वी ही जाळी तागाच्या जातीच्या हेम्प सुताची असत, आता बहुतेक नायलॉनची. एक कडी बिळाच्या खालच्या ओठाशी, दुसरी वरच्या. मध्ये जाळी सैल पसरायची आणि खुंटी जमिनीत घट्ट ठोकायची. ससा आतून सुसाट येऊन धडकला की कड्या दोरीवरून सरकतात, तोंड आवळतं आणि खुंटी त्याला धरून ठेवते. असं जाळं एकेका तोंडावर लावायचं. सशांच्या एखाद्या जुन्या वस्तीला पंचवीस-तीस तोंडं सहज असतात आणि गवतात दडलेलं एक जरी राहिलं, तरी ससा नेमका तिथूनच पळतो.

आणि हे सगळं गुपचूप. वाऱ्याच्या उलट बाजूनं यायचं, पाय आपटायचे नाहीत, बोलायचं नाही. वर माणूस आहे हे कळलं की ससा बाहेर पडायचं नाकारतो, आतल्या एखाद्या बंद टोकाशी जाऊन बसतो आणि फेरेटकडे पाठ करून वाट अडवतो. फेरेट मग त्याच्या पुठ्ठ्यावर नुसतं खरवडत राहतं. असं फेरेट बाहेर आलं की त्याच्या नखांत केस अडकलेले दिसतात. अनुभवी माणूस आधी ती नखं पाहतो आणि आत ससा आहे पण निघणार नाही हे ओळखतो. चांगल्या दिवशी मात्र जमिनीखालून मागच्या पायांचा धप धप आवाज येतो आणि पाठोपाठ जाळं उडतं. त्या क्षणी पहिलं काम सशाचं नाही, बिळाचं: तोंडावर पाय ठेवायचा किंवा दुसरं जाळं टाकायचं, कारण मागून आणखी एखादा येत असतो.

फेरेट आतच राहिलं तर? बाकीची अवजारं त्यासाठीच आहेत. जुन्या पद्धतीत एक दांडगा नर वेगळा ठेवत. त्याच्या गळपट्ट्याला लांब दोरी बांधून आत सोडायचं; तो मादीला हुसकावून मेलेल्या सशापाशी ठाण मांडी. दोरीवर यार्डायार्डाला खूण केलेली असे. किती दोरी आत गेली ते मोजायचं आणि तिच्या रोखानं फावड्यानं खणत जायचं. दोरी झाडाच्या मुळात अडकली तर नराच्या जिवावर बेतायचं. गळ्यात घुंगरू बांधायचीही रीत होती. आता गळपट्ट्यात छोटं ट्रान्समीटर असतं. हातातलं यंत्र वरून फिरवलं की जागा आणि खोली कळते. मग खणायचं तेवढंच, पण खणावं लागतंच. रीलमध्ये हे कोणी दाखवत नाही, कारण चिखलात गुडघ्यावर बसून खड्डा खणणाऱ्या माणसाला लाइक मिळत नाहीत.

मेसेजवाल्याची बाजू घ्यायचीच तर एक साक्षीदार त्याला देतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भूगोलकार स्ट्राबोनं स्पेनकडच्या सशांच्या उपद्रवाबद्दल लिहिताना म्हटलंय की तिथले लोक आफ्रिकेतून आणलेली अशी जनावरं बिळात सोडतात आणि ती ससे नखांनी ओढून काढतात. पण त्याच वाक्यात पुढे आहे: किंवा त्यांना बाहेर पळायला लावतात, जिथे माणसं टपून उभी असतात. आणि सुरुवातीलाच तो सांगतो की त्या जनावरांना मुसकं बांधलेलं असे. तोंड बांधून पाठवलेल्याला मारायला पाठवलंय, असं कोण म्हणेल?

‘दोन दिवस उपाशी ठेवतात’

वरचं समजलं असेल तर हे आपोआप कोसळतं. उपाशी फेरेट हाती लागलेला पहिला ससा मारून खाईल आणि झोपेल, म्हणजे मालकाचंच नुकसान. म्हणून सकाळी थोडं खायला घालून नेतात. भुकेनं व्याकूळ नको, पोट तुडुंब भरून सुस्तही नको.

क्रूरता नव्हती असं मात्र मी म्हणणार नाही. फेरेटनं आत मारू नये म्हणून जुन्या काळी काही लोक त्याचे ओठ शिवत, दात तोडत. मुसक्याचीही गत फार बरी नव्हती: बिळात घूस-उंदराशी गाठ पडली तर बांधलेल्या तोंडाचं फेरेट लढणार कशानं, आणि हरवलं तर खाणार काय? पाव आणि दूध एवढ्यावर फेरेट पोसायची चालही बराच काळ होती. शुद्ध मांसाहारी प्राण्याला ते कसं मानवणार, हगवणीनं बेजार व्हायची. आज इंग्लंडात 2006 चा प्राणी कल्याण कायदा पाळलेल्या फेरेटला लागू आहे. क्रूरतेवर बोलायचं तर या खऱ्या गोष्टींवर बोला, दोन दिवसांची उपासमार कशाला रचता?

‘राजेरजवाड्यांचा खेळ’

इथे अर्धं सत्य आहे. बाराव्या शतकाच्या सुमारास नॉर्मन लोकांमुळे इंग्लंडात ससा आला, तेव्हा तो उपद्रवी नव्हता, चैनीचा होता. कोंबडीपेक्षा कितीतरी महाग. जमीनदार आणि मठ त्याच्यासाठी कुरणं राखत, मऊ मातीचे उंचवटे रचून देत, राखणदार नेमत. नॉरफोकमधल्या थेटफर्डला साधारण 1400 च्या सुमाराची राखणदाराची दगडी गढी अजून उभी आहे. एवढ्या जाड भिंती सशांपासून बचावाला नव्हत्या. रात्री जाळी आणि फेरेट घेऊन येणाऱ्या चोरट्यांपासून होत्या. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका इंग्रजी हस्तलिखितात तर बायका फेरेट आणि जाळं घेऊन बिळापाशी बसल्याचं चित्र आहे.

1390 मध्ये राजा दुसऱ्या रिचर्डच्या काळात कायदा झाला: वर्षाला 40 शिलिंग उत्पन्नाची जमीन नसलेल्या सामान्य माणसानं शिकारी कुत्रा, फेरेट, जाळी बाळगायची नाही, बाळगली तर वर्षभर कैद. कारागीर आणि मजूर हे करतच नसते तर कायदा कुणासाठी केला? पुढे ससे कुरणाबाहेर पसरून पिकं खाऊ लागले आणि हे काम शेतमजूर, कुळं, राखणदार यांच्याच हाती राहिलं. 1880 च्या कायद्यानं कुळाला त्याच्या शेतातले ससे मारायचा हक्क दिला, तो जमीनदाराला करारानंही काढून घेता येत नाही.

‘सरकारनं बंद केलंय’

2004 चा शिकारबंदीचा कायदा कुत्र्यांनी केलेल्या शिकारीबद्दल आहे. फेरेट त्यात येत नाही, आणि परवानगी असलेल्या जमिनीवरचे ससे तर कुत्र्यांच्या बाबतीतही वगळले आहेत. उलट 1954 च्या उपद्रवी प्राण्यांविषयीच्या कायद्याखाली ससे आटोक्यात ठेवणं ही इंग्लंडातल्या जवळपास सगळ्या जमीनधारकांची जबाबदारी आहे. पाय चेचणारे दातेरी सापळे त्याच कायद्यानं 1958 पासून गेले. फेरेट राहिलं. जमीनमालकाची परवानगी मात्र हवी, नाहीतर ती चोरटी शिकार.

‘ऑस्ट्रेलियानं हेच करायला हवं होतं’

ऑस्ट्रेलियात लोकांनी फेरेट वापरली आहेत. 1859 मध्ये व्हिक्टोरियात थॉमस ऑस्टिननं सोडलेले ससे खंडभर पसरल्यावर एकेका बिळावर जाळी लावून ते आवरणं कुणाच्याच आवाक्यात नव्हतं. संख्या खरोखर पाडली ती 1950 मध्ये सोडलेल्या मिक्सोमॅटोसिसच्या विषाणूनं. तोच रोग 1953 मध्ये इंग्लंडात पोचला आणि दोनेक वर्षांत तिथले जवळजवळ 99 टक्के ससे मेले. हजारो वर्षं फेरेट वापरून असं कुठे झालं नव्हतं. एकेका शेताच्या बांधावरचे ससे कमी करायला ही पद्धत चांगली, देश साफ करायला नाही.

‘मोकळी सोडली असती तर’ म्हणाल, तर न्यूझीलंडकडे बघा. तिथे 1880 च्या दशकात सशांवर उतारा म्हणून हजारो फेरेट आणि त्यांचे भाईबंद रानात सोडले. ससे संपले नाहीत. जमिनीवर राहणारे, उडता न येणारे पक्षी मात्र त्यांच्या तावडीत सापडले. किवी अजून त्याची किंमत मोजतोय. गुरांच्या क्षयाचा प्रसारही फेरेटमधून होतो. शेवटी 2002 मध्ये फेरेट विकण्या-पैदाशीवर बंदी घालावी लागली.

‘आपण का करत नाही?’

कारण आपल्याकडे ती बिळंच नाहीत. युरोपातला ससा कळपानं जमिनीखाली राहतो, पिल्लं तिथेच आंधळी आणि उघडी जन्मतात. आपल्या माळावरचा ससा वेगळ्या जातीचा. तो एकटादुकटा, गवतात दबून बसणारा. स्वतः बीळ खणत नाही, त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच येतात. त्याला धरायला आपल्याकडे वाघर म्हणजे लांब जाळं लावून हाकारा करत, तेही त्याच्या या सवयीमुळेच. बिळातून हुसकावणारं जनावर इथे काय हुसकावणार? आणि मुंगूस जाळ्यापाशी थांबून मालकाच्या हातात येणारं नाही; फेरेट येतं, कारण शेकडो पिढ्या ते माणसाच्या हातात वाढलंय.

राहिला कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे ससा मारणं गुन्हा आहे, वाघर लावणंही, आणि मुंगूस पकडून पाळणंही. ‘करून बघायला पाहिजे’ म्हणणाऱ्यांनी तो मेसेज पुढे ढकलण्याआधी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारून यावं.